गोळा

रात्री दोनला पोटरीत गोळा येतो.
पिंढरी दगडाची होते, अंगठा आपोआप वर,
मी कॉटची कड धरून एका पायावर उभा
आणि शेवंता झोपेतच म्हणते,
"टाच टेकव फरशीवर. नीट टेकव."

शिरोलीच्या फाउंड्रीत सतरा वर्षं
माझं काम एवढंच:
लॅडलच्या बुडाशी खळग्यात खडे घालायचे,
वर पत्र्याचा चुरा पसरून दाबायचा,
इलाहीनं भट्टी कलती केली की
तीन पावलं मागं.
मग तो उजेड.
काळ्या चष्म्यातूनही पांढराच.
शेडच्या आढ्याची जळमटं मोजून घ्यावीत असा.
भरमू नवा होता तेव्हा ओरडला होता,
"दिवाळी हाय काय गा हितं?"

लॅबमधल्या मॅडमनी एकदा
दुर्बिणीखाली दोन तुकडे दाखवले.
मॅग्नेशियम न लागलेल्या लोखंडात कार्बन
सुरीच्या पात्यांसारखा पसरलेला,
तिथंच ते तडकतं.
लागलेल्यात तोच कार्बन अंग चोरून
गोळा झालेला, काळा, वाटोळा,
जणू कुणी राजगिरा सांडलाय.
असलं लोखंड वाकतं, पण मोडत नाही.
शंभर किलोला चाळीस ग्रॅम. बास.
फक्त घाई हवी.
दहा-बारा मिनिटांत साच्यात गेलं नाही
तर मॅग्नेशियम उडून जातं
आणि लोखंडाला विसर पडतो
आपल्याला कुणी काय शिकवलं होतं त्याचा.

नेजकर डॉक्टर म्हणाले,
"मॅग्नेशियम कमी पडत असणार तुम्हाला."
मी हसलो. जरा जास्तच.
बाहेरची बाई दारातून डोकावली.
"डॉक्टर, पोत्यानं घालतोय की मी ते.
भुवयांवर बसतंय, डब्यावर बसतंय."
"भुवयांवरच राहतं ते.
आत जायचं तर ताटातनं.
काय खाता ड्यूटीवर?"
कटवडा. पाव. आठ कप चहा, गोड.
आणि घाम किती जातो, ते बनियन पिळून सांगितलं असतं.

"पण रक्तात तर ठीक आलंय की."
"रक्तात शंभरातला एक वाटा.
बाकीचं हाडात, मांसात दडलेलं.
रक्ताला कमी पडू नये म्हणून
हाडं आपल्यातलं काढून देतात, मुकाट्यानं."
हे ऐकून मला उगाच आई आठवली.
"अख्ख्या माणसात किती असतंय हो?"
"पंचवीस ग्रॅम."
पंचवीस ग्रॅम!
माझ्या मुठीतनं त्याहून जास्त सांडतं
आणि भरमू ते झाडून घेतो.

महिन्याच्या गोळ्या दिल्या त्यांनी.
(गोळ्यावर गोळ्या, इलाही म्हणाला,
आणि आठवडाभर तेच म्हणत राहिला.)
शेवंता कपिलतीर्थ मंडईतून
तांदळीच्या दोन पेंढ्या, लाल भोपळ्याची फोड,
किलोभर नाचणी घेऊन आली.
भोपळ्याच्या बिया ती कायम कचऱ्यात टाकायची.
आता त्या गच्चीवर पेपरवर वाळतात,
वर उलटी चाळण, चिमण्यांसाठी दगड.
त्यातल्या मूठभर माझ्या शर्टाच्या खिशात असतात.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या,
"रक्तात जिथं लोखंड बसतं ना मधोमध,
हिरव्या पानात त्या जागी हेच बसलेलं असतं."
मी तांदळीचं पान उजेडाला धरून बघितलं.
दिसलं काही नाही. दिसणार कुठनं?
पण भट्टीपाशी लोखंड आणि ते
एकमेकांवर जाळ काढत भेटतात, हे मला माहीत आहे;
पानात बिनआवाजाचं कसं बसत असेल
याचं नवल वाटत राहिलं
दुसरी हीट येईपर्यंत.

आणि एक कोडं मला अजून सुटलेलं नाही:
ते असलं की लोखंडात गोळा,
ते नसलं की पोटरीत गोळा.
भरमूला विचारलं. तो म्हणाला,
"तुमी बिया खावा की गप."

परवा आला होता.
काल आला नाही, तरी दोनला जाग आलीच.
पाय लांब करून वाट बघत पडलो.
कुठंतरी हायवेवर ट्रक गिअर बदलत होता.
शेवंता कूस बदलत म्हणाली, "टेकव."
मी टेकवली टाच, गार फरशीवर,
काही दुखत नसताना.